दोन पाण्यांवर वाढलेले कोडगे

भांडी घासणारा म्हटलं की लोकांना हॉटेल आठवतं. मी प्रयोगशाळेतली घासतो. सव्वीस वर्षं झाली. काचेच्या नळ्या, बाटल्या आणि ते निमुळत्या गळ्याचे फ्लास्क, ज्यांत जंतू वाढवतात. वाढवतात म्हणजे अगदी लाडाकोडाने हो! गरम कपाटात ठेवायचं, वेळेवर खायला घालायचं, झोके द्यायचे. त्यांचं काम झालं की सगळं सामान खाली माझ्याकडे येतं. माझ्या छातीएवढा उंच प्रेशर कुकर आहे, त्यात घालून मी आधी जंतू मारतो आणि मग भांडी धुतो. म्हणजे वरच्या मजल्यावर बारसं आणि तळमजल्यावर तेरावं.

धुण्याची पद्धत भिंतीवर चिकटवलीय. आधी साबण, मग रात्रभर पातळ ॲसिडच्या टबात बुडवून ठेवायचं, मग पाच पाण्यांनी विसळायचं. पाच हा आकडा लाल शाईत आहे. कोणी विचारलं, "काका, किती पाणी?" की मी लगेच पंजा दाखवायचो.

खरं सांगू? दोन.

मी नोकरीला लागलो तेव्हा नळाला करंगळीएवढी धार होती आणि दिवसाला दीडशे फ्लास्क. पाच पाणी केलं असतं तर मी अजून पहिल्याच वर्षाचे फ्लास्क विसळत बसलो असतो. हात दोनावर बसला. पुढे नळ सुधारला, हात काही सुधारला नाही. काच चकचकीत दिसायची, तक्रार यायची नाही. जंतूंना काही त्रास होत असेल तर त्यांची तक्रार कोण घेतो?

आता ताईबद्दल. ताई वरच्या मजल्यावर संशोधन करते. वयाने माझ्या मुलीएवढी, पण तिथे सगळे ताई म्हणतात म्हणून मीही ताईच म्हणतो. वर जंतूंच्या शेजारी डबा उघडायला बंदी, म्हणून ती जेवायला खाली माझ्याकडे यायची. चार वर्षं आम्ही समोरासमोर बसून जेवलो. तिचा जंतू म्हणजे पोट बिघडवणाऱ्यातला एक. मी एकदा विचारलं, "ह्यात शोधायचं काय? पोट बिघडतं, चार दिवसांनी बरं होतं."

"काका, आपल्या अंगात पांढऱ्या पेशी असतात. पोलिसासारख्या. जंतू दिसला की गिळून टाकतात."

"बरं. मग संपलं."

"संपत नाही ना! पेशीच्या पोटात ॲसिड असतं, त्यात तो विरघळून मरायला हवा. बरेचसे मरतात. पण काही जण आत गेले की तिथेच बस्तान मांडतात. भोवती कप्पा करून घेतात, पेशीचंच खातात, आणि आतल्या आत पोरंबाळं वाढवतात."

मला लगेच कळलं. लोकांकडे घरजावई असतात, आमच्याकडे घरमेव्हणा आहे. बायकोचा धाकटा भाऊ. आठ दिवसांसाठी आला होता, त्याला आता दीड वर्ष झालं. सुरुवातीला मी त्याला घालवायला खूप आवाज केला, भांडी आपटली, पंखा बंद केला. त्याचं काय झालं? त्याला पंख्याशिवाय झोपायची सवय लागली. आता उन्हाळ्यातही घोरतो.

"अगदी तसंच!" ताई डबा बाजूला सारून म्हणाली. "खाल्ल्या घरचे वासे मोजणारा. आणि माझा प्रश्न एवढाच, की सगळे मरत असताना हा का मरत नाही?"

ताईचं म्हणणं असं होतं, की तिच्याकडचे जंतू इतरांच्यापेक्षा कोडगे आहेत. पांढऱ्या पेशींना खायला घातले, काही तासांनी पेशी फोडून आत किती जिवंत आहेत ते काचेच्या बशीत वाढवून मोजलं, की बशीभर ठिपके. एक ठिपका म्हणजे एक वाचलेला जंतू आणि त्याचं गणगोत. दुसऱ्या प्रयोगशाळांत दहा-बारा ठिपके यायचे, आमच्याकडे शेकड्यांनी. त्यावर ताईने मोठा लेख लिहिला. तिच्या वरच्या मोठ्या बाई, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या साहेब, कधी कोणाला चांगलं म्हणत नाहीत. त्याही तेव्हा "ठीक आहे" म्हणाल्या होत्या. त्यांच्या तोंडून ठीक म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून सोनं.

मग मला अवदसा आठवली.

बाहेरचे कोणी तपासणीस आले. उंच, कोट घातलेले. फिरत फिरत तळमजल्यावर आले, एक फ्लास्क उचलला, उजेडाकडे धरला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "इथे डाग आहे." बस, एवढंच. मोहरीएवढा पांढरा डाग. मोठ्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

सव्वीस वर्षांत कोणी माझ्या काचेला नाव ठेवलं नव्हतं. मला तोंडात मारल्यासारखं झालं. घरी गेलो, जेवण जाईना. दुसऱ्या दिवसापासून ठरवलं, पाच नाही, सात पाणी! प्रत्येक फ्लास्क सात वेळा विसळायचा, उजेडाकडे धरून बघायचा, मग ठेवायचा. संध्याकाळपर्यंत मनगटं सुजायची. पण काच अशी दिसायची, की आत हवा आहे का तेही कळू नये.

आणि गंमत बघा. मी सात पाणी सुरू केल्यापासून वरून येणाऱ्या बश्याही स्वच्छ यायला लागल्या. आधी ठिपक्यांनी भरलेल्या असायच्या, आता आठ-दहा ठिपके. मी खुशीत. म्हटलं, बघा, एक माणूस नीट वागला की सगळ्या घराला वळण लागतं.

इकडे ताई डब्यातलं अर्धं टाकून उठायला लागली.

"काय झालं गं?"

"जंतू मरतायत काका."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं कसलं! माझे कोडगे होते ना, ते सगळे मऊ पडलेत. पेशीत गेले की खलास. दहादा करून बघितलं. तेच जंतू, तेच हात, तीच वेळ. मोठ्या बाई म्हणतात, आधीचे आकडे आले कुठून?"

"म्हणजे?"

"म्हणजे मी बनवले असं वाटतंय त्यांना." ती खाली बघत म्हणाली. "तोंडाने नाही म्हणाल्या. पण महिनाअखेरपर्यंत परत दाखव म्हणाल्या. नाही दाखवलं तर लेख मागे घ्यायचा आणि मी माझ्या घरी जायचं. चार वर्षं पाण्यात."

मी म्हटलं, "होईल गं नीट." दुसरं काय म्हणणार? ती मात्र डबा बंद करताना स्वतःशीच बोलत राहिली. "कोडगे एका कारणाने होतात. मोठं संकट यायच्या आधी त्यांना थोडा त्रास झालेला असला पाहिजे. जरासा. मरणार नाहीत इतपत. मग ते सावध होतात, अंगावर कातडं जाड करतात, आणि पुढे पेशीने कितीही छळलं तरी टिकतात. टाकीचे घाव सोसले की देवपण, तसं. पण मी तर त्यांना आधी काहीच त्रास देत नाही."

"थोडा त्रास म्हणजे कसला?" मी सहज विचारलं.

"समजा, जरासं ॲसिड."

मी मान वर केली. समोर ॲसिडचा टब. वर भिंतीवर लाल पाच. दोन पाण्यांनी विसळलेल्या फ्लास्कच्या तळाशी काय राहत असेल हे कळायला शाळा लागत नाही. ताईचे जंतू पावणेचार वर्षं माझ्या आळसावर पोसले गेले होते. आणि माझी काच सुधारली तशी त्यांची पैलवानकी गेली.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण माझी पाचावर धारण बसली. सव्वीस वर्षं पंजा दाखवत आलो, आता कुठल्या तोंडाने दोन सांगू? शिवाय मोठ्या बाई. त्यांनी एकदा एकाला चिमटा चुकीच्या खणात ठेवला म्हणून दुसऱ्या इमारतीत पाठवलं होतं.

मी म्हटलं, गुपचूप दुरुस्त करू. परत दोन पाणी सुरू. ताईचे आकडे परत येतील, ती खुश, बाई खुश, मी सुटलो. सापही मरेल, काठीही मोडणार नाही.

पण कपाटात सात पाण्यांचे शंभरेक फ्लास्क आधीच होते. त्यात मी दोन पाण्यांचे नेऊन ठेवले. काच ती काच, कपाळावर कोणाच्या लिहिलंय? ताई हाताला येईल तो उचलायची. आठवड्याने ती खाली आली ती रडवेली.

"अर्ध्या बश्या भरलेल्या, अर्ध्या रिकाम्या! एकाच दिवशी, एकाच हाताने! बाई म्हणाल्या, आता तुला आकडे नीट बनवताही येत नाहीत."

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते असं. आणि ढकलणारा मी.

घरी बायकोने ताट वाढलं आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. "काय केलंत?"

"मी काय करणार?"

"काहीतरी केल्याशिवाय तुम्ही दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं सोडत नाही."

सांगितलं सगळं. दोन पाण्यांवर आलो तशी ती म्हणाली, "हे मला नवीन नाही. तुम्ही घरी कप धुता ते मी परत धुते. लग्न झाल्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर धुणं सोडलं असतं ना." मग पदर खोचून उभी राहिली. "उद्या सकाळी जायचं आणि बाईंना सांगायचं. ती पोरगी खोटी ठरून घरी जाईल आणि तुम्ही मिशीला पीळ देत खऱ्याचे पुतळे म्हणून फिरणार? मग इथे जेवायला येऊ नका."

आतल्या खोलीतून मेव्हणा म्हणाला, "भावजी, अगदीच घराबाहेर काढलं तर माझ्या खोलीत झोपा."

माझ्या घरातली माझी खोली! पण त्या क्षणी खरंच मन थोडं हलकं झालं, खोटं कशाला बोलू.

सकाळी वर गेलो. मोठ्या बाई टेबलाशी, समोर ताई उभी. लेख मागे घ्यायचा अर्ज लिहिणं चाललं होतं. मी दारातच म्हटलं, "बाई, पोरीने काही बनवलं नाही. मी बनवलंय."

"तुम्ही आकडे बनवले?"

"आकडे नाही. जंतू."

मग सगळं ओकून टाकलं. करंगळीएवढी धार, दोन पाणी, कोटवाल्याचा डाग, सात पाणी, परत दोन. ताई तोंड उघडं टाकून बघत होती. बाई उठल्या आणि जिन्याने खाली. आम्ही त्यांच्या मागे.

खाली येऊन त्यांनी बाही वर केली. "मला धुवून दाखवा. सहा फ्लास्क तुमच्या जुन्या पद्धतीने, सहा नव्या. मी इथेच उभी राहते."

आता तुम्हीच सांगा, साहेब डोक्यावर उभा असताना कामचुकारपणा कसा करायचा? टबातून फ्लास्क काढला, एक पाणी, दोन पाणी, आणि हात आपोआप तिसऱ्यासाठी नळाखाली गेला.

"थांबा!" बाई ओरडल्या. "दोनच!"

"हो बाई, सवय नाही ना."

"सव्वीस वर्षांची आहे की!"

"कोणी बघताना नाही."

ताईने तोंडावर हात धरला. रडायची होती का हसायची, तिचं तिलाच माहीत. दुसऱ्या फ्लास्कला बाईंनी माझं मनगट धरून मागे ओढलं. आयुष्यात भांडी कमी धुवा म्हणून मी पहिल्यांदाच शिव्या खाल्ल्या. मधेच ॲसिडच्या वासाने बाईंना शिंक आली, त्या तिकडे वळल्या, परत पुढचा.

बारा झाले. वाळले. बाईंनी प्रत्येकाच्या बुडाला कागद चिकटवून त्यावर काहीबाही खुणा केल्या आणि कुठला कुठल्या पद्धतीचा ते लिहून चिठ्ठी पर्समध्ये टाकली. ताईला माहीत नाही, मला माहीत नाही. "आता कोणी कोणाला सांभाळून घ्यायचं नाही," म्हणाल्या.

ताईने त्या बारांत जंतू वाढवले, पेशींना खायला घातले, पेशी फोडल्या, बश्या मांडल्या. तीन दिवस. त्या तीन दिवसांत मी दोन वेळा चुकीच्या घरात शिरता शिरता राहिलो. डोक्यात सारखे फ्लास्क, जिने मोजायचेच राहून जायचे.

तिसऱ्या दिवशी बश्या टेबलावर ओळीने. बारा. मला मोजायला येतं, आणि इथे तर मोजायचीही गरज नव्हती. काही बश्या मधमाशांच्या पोळ्यासारख्या गच्च. काहींत सात, नऊ, अकरा ठिपके. बाईंनी पर्स उघडली, चिठ्ठी काढली आणि एकेक खूण वाचत बशी इकडे, बशी तिकडे करायला लागल्या. डावीकडे दोन पाण्यांच्या, उजवीकडे सात. डावीकडे गच्च, उजवीकडे रिकाम्या. पाचवी डावीकडे, गच्च. मग सहावी आली डावीकडे, आणि बाईंचा हात थांबला.

ती मधलीच होती. धड भरलेली नाही, धड रिकामी नाही. साठ-सत्तर ठिपके.

"ही का अशी?" बाई म्हणाल्या. "ही दोन पाण्यांची आहे. चिठ्ठीत तसंच आहे. एक चुकली तरी सगळं चुकलं, माहितीय ना तुला?"

ताईचा चेहरा पडला. दाराशी आलेली वरात परत फिरावी तसा.

मी खाकरलो. "बाई, ती माझी."

"काय तुमची?"

"तुम्हाला शिंक आली ना तेव्हा. हात गेला नळाखाली. तिसरं पाणी झालं. मला वाटलं तुम्ही ओरडाल, म्हणून बोललो नाही."

मग बाई खाली बसल्या. खुर्ची होती म्हणून बरं, बघितलंही नाही त्यांनी. "दोन पाण्यांना इतके," त्या पुटपुटल्या, "तीन पाण्यांना निम्म्याहून कमी, सात पाण्यांना जवळजवळ नाहीतच." आणि ताईकडे वळल्या. "अगं, हे ह्यापेक्षा चांगलं कोणाला ठरवूनही जमलं नसतं! जेवढं ॲसिड उरलं तेवढे ते कोडगे. पायरीपायरीने."

"म्हणजे माझे आकडे..." ताई म्हणाली.

"खरे होते. सगळे. पहिल्यापासून." बाई थांबल्या. मग त्यांना जड जाईल असं काहीतरी गिळल्यासारखं करून म्हणाल्या, "मी तुझ्यावर संशय घेतला. माझं चुकलं. तो अर्ज फाड."

ताईने अर्ज फाडला नाही. खाली बसली आणि रडली. चार महिन्यांचं एकदम. मी पाण्याचा ग्लास दिला. तिने घेतला, उजेडाकडे धरून बघितला, आणि रडता रडता हसली. मेली!

मग बाई माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, आता दुसरी इमारत.

"तुम्ही सव्वीस वर्षं माझ्याशी खोटं बोललात."

"हो बाई."

"नक्की किती खोटं बोललात ते आता मोजून द्या. दोन पाण्यांनंतर तळाशी किती उरतं, तीननंतर किती, चारनंतर किती. थेंबाथेंबाने. प्रत्येकी वीस फ्लास्क. आणि पुढच्या महिन्यात तुमचा हात जराही सुधारलेला दिसला तर बघा."

महिनाभर मी मापाने आळस केला. लोकांना वाटतं कामचुकारपणा सोपा असतो. रोज अगदी तेवढाच, ना थेंब जास्त ना थेंब कमी, करून बघा. घाम फुटतो. पाचव्या दिवशी मला आळसाचा इतका कंटाळा आला, की घरी जाऊन मी सगळे कप दहा-दहा पाण्यांनी धुतले. बायको म्हणाली, बरं वाटत नाहीये का?

मोजमाप जुळलं. ताईला नवा लेख लिहायला सांगितला, जुन्यापेक्षा मोठा. एक दिवस ती डबा घेऊन खाली आली, सोबत कागद.

"काका, ह्यात तुमच्याबद्दल एक ओळ घालावीच लागते. कारण तिथूनच सगळं सुरू होतं. ऐका. 'सुरुवातीच्या काळात भांडी अपुरी विसळली गेली होती.'"

"अपुरी काढा."

"का?"

"धुणाऱ्याची बदनामी आहे. बेताची लिहा."

"बेताची शास्त्रात चालत नाही हो."

"मग थोडक्यात? आवरती? हातचं राखून?"

"काका, जगभरातले लोक वाचणार. हातचं राखून म्हणजे काय ते कसे समजणार?"

"अपुरी मात्र लगेच समजणार!"

आमचं चांगलंच जुंपलं. तेवढ्यात जिन्यावर मोठ्या बाई. त्यांनी कागद घेतला, वाचला, पेन काढलं आणि शब्दच खोडला. "ना अपुरी, ना बेताची. 'दोन पाण्यांनी विसळली' एवढंच लिही. आकड्याला लाज नसते."

कागद परत देऊन त्या कुकरकडे बघत जरा घुटमळल्या. मग आपल्या पिशवीतून डबा काढला आणि माझ्या बाकावर, ताईच्या शेजारी, बसल्या. वर जंतूंच्या शेजारी जेवायला बंदी आहे, ती त्यांनीच घातलेली. इतकी वर्षं त्या कुठे जेवत होत्या, हे आम्ही दोघांनी कधी विचारलंच नव्हतं.

"सरका जरा," बाई मला म्हणाल्या.

मी सरकलो.